पासोडी आणि पारितोषिक

बीडच्या पाटांगणावर इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांना एक पोथी मिळाली. विसाव्या शतकाचं पहिलं दशक चालू होतं आणि बीड निजामाच्या मुलखात होतं. पोथी ज्ञानेश्वरीची होती. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध करून ठेवलेल्या पाठाच्याही आधीचा पाठ हाती लागला, असा राजवाड्यांचा दावा होता. १९०९ साली त्यांनी ती पोथी छापली आणि तिच्या आधाराने ज्ञानेश्वरीतल्या मराठीचं व्याकरण लिहिलं. पुढे १९६० साली राज्य सरकारने ज्ञानेश्वरी काढली, तेव्हा पाया म्हणून याच छापील संहितेचा आधार घेतला. मूळ पोथी मात्र नाहीशी झाली. लोकांच्या शंकाकुशंकांना वैतागून राजवाड्यांनीच ती नष्ट केली, असं सांगतात. खरंखोटं काहीही असो, ताडून पाहायला आज पोथी नाही आणि तिचा पाठ खरोखर किती जुना होता, हा वाद शंभर वर्षं झाली तरी मिटलेला नाही.

मध्ययुगीन इतिहास शिकवण्यासाठी मोफत ऑनलाइन साहित्य तयार करण्याच्या स्पर्धेवर बोलायचं आणि सुरुवात हरवलेल्या पोथीने करायची, हे श्रोत्यांना थोडं आडवळणाचं वाटेल. पण बीड जिल्ह्यात हा विषय काढला की पाटांगणाला वळसा घालून जाता येत नाही. त्या काळी मोबाइल असता आणि एखाद्या पोरसवदा मदतनिसाने पोथीच्या पानांचे फोटो काढून ठेवले असते, तर निदान हे एक भांडण तरी पुराव्यासमोर बसून करता आलं असतं.

शिक्षकांच्या स्पर्धा महाराष्ट्राला नव्या नाहीत. ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या नावाखाली थर्माकोलचे किल्ले, पुठ्ठ्याच्या तोफा आणि चकचकीत कागदाचे खंदक तालुक्याच्या प्रदर्शनात वर्षानुवर्षं मांडले गेले. प्रदर्शन संपलं की किल्ला शाळेच्या कपाटावर चढायचा आणि पुढच्या पावसाळ्यात गळतीखाली वितळायचा. आता किल्ला पडद्यावर आला. केंद्र सरकारने २०१३ च्या ऑगस्टमध्ये मुक्त शैक्षणिक साधनांचं राष्ट्रीय भांडार सुरू केलं. २०१७ च्या शिक्षक दिनी ‘दीक्षा’ आलं आणि बालभारतीच्या पुस्तकांत धड्याच्या कडेला चौकोनी क्यूआर कोड दिसू लागले. २०२० च्या टाळेबंदीत ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं म्हणत राज्यभरचे गुरुजी एका रात्रीत कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. त्यानंतर शिक्षकांसाठी शैक्षणिक व्हिडिओ निर्मितीची स्पर्धा झाली आणि तीही तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्यांनी. दिल्लीत एनसीईआरटी तर पूर्वीपासूनच शैक्षणिक दृक्‌श्राव्य महोत्सव भरवत आली आहे.

या सगळ्यातून चांगलं काम झालं. झेडपीच्या शाळांतले कितीतरी शिक्षक आज स्वतः संकलन करतात, आवाज भरतात, नकाशा हलता करतात. तरीही इतिहासाचे व्हिडिओ पाहायला बसलं की एक ठरावीक साचा डोळ्यांत भरतो. आधी ढोल-ताशे, मग मावळतीच्या सूर्यासमोर घोडा, मग भारदस्त आवाजात सनावळ्या. सात मिनिटांत तीन लढाया उरकतात, पण ही गोष्ट कुणाला कशावरून कळली हे एकदाही ऐकू येत नाही. तारीख चुकली असेल तर दुरुस्त करायची सोय नाही, कारण व्हिडिओ एकसंध आहे. त्यातला नकाशा फक्त काढून वापरावा म्हटलं तर तो निघत नाही. निघाला तरी वापरायची परवानगी आहे की नाही, ते कुठे लिहिलेलं नसतं. पाहायला पैसे पडत नाहीत, म्हणून त्याला मोफत म्हणायचं इतकंच.

मराठीत ‘मुफ्त’ आणि ‘मुक्त’ यांत एका अक्षराचं अंतर आहे, पण व्यवहारात ते फार मोठं पडतं. ‘मुक्त शैक्षणिक साधनं’ ही कल्पना या नावाने युनेस्कोच्या पॅरिसच्या बैठकीत २००२ साली रूढ झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने आले. करणाऱ्याने आधीच सांगून टाकायचं: माझं नाव ठेवा, मग घ्या, बदला, भाषांतर करा, वाटा. काही जण पुढे आणखी अट घालतात की बदललेली वस्तूही अशीच खुली ठेवा. काही जण उलट म्हणतात, वाटा खुशाल, पण बदलू नका.

ही शेवटची अट ऐकून वारकरी माणसाला हसू येईल. एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा केल्या, पाठ ताडले, भेसळ काढली, आणि मग बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. चारशे चाळीस वर्षांपूर्वीचा हा ‘बदलू नका’ परवानाच आहे. महानुभावांनी तर याहून कडक कुलूप लावलं. सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत त्यांनी आपले ग्रंथ बंद केले आणि मराठीतलं अव्वल गद्य पंथाबाहेरच्या वाचकाला काही शतकं दिसलंच नाही. ती लिपी उलगडणाऱ्यांतही पुन्हा राजवाडेच आले. स्वतः राजवाडे १९२६ साली वारले. त्यांच्या लेखनावर आता कुणाचाही हक्क उरलेला नाही. पाटांगणाची छापील ज्ञानेश्वरी कुणीही उचलावी, शाळेसाठी तिची पानं करावीत, विचारायची गरज नाही. मूळ पोथीच्या नशिबात मात्र हे सुख नव्हतं.

बीड जिल्ह्याला शैक्षणिक साहित्याची परंपरा उसनी आणावी लागत नाही. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. दासोपंत १५५१ साली जन्मले, १६१५ साली गेले. मूळचे बिदरकडचे, रमले अंबाजोगाईत. त्यांनी गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव लिहिला, असं परंपरा सांगते. त्याचं कौतुक विद्वानांनी करावं. शिक्षकाचा जीव अडकतो तो पासोडीत. चाळीस फुटांच्या आसपास लांब आणि चारेक फूट रुंद खादीच्या कापडावर त्यांनी पंचीकरण समजावून सांगितलं आहे. पाच महाभूतांपासून देह कसा घडतो हा वेदान्तातला किचकट भाग त्यांनी डोळ्यांसमोर पसरला. कापड गुंडाळायचं, खांद्यावर टाकायचं, दुसऱ्या गावी उलगडायचं. शाळेतला गुंडाळीचा तक्ता पाहून मोठं झालेल्या माणसाला यात आपला पूर्वज ओळखू येतो. विषय अवघड आहे, ऐकणाऱ्याला संस्कृत येत नाही, आणि कागदापेक्षा कापड टिकतं, हे तिन्ही हिशेब त्या माणसाने मांडलेले दिसतात. आजच्या स्पर्धकाकडे परीक्षकांनी नेमकं हेच मागायला हवं.

त्याच गावात मुकुंदराजांची समाधी दाखवतात. विवेकसिंधु शके १११० चा, म्हणजे ११८८ सालचा मानला जातो. पण मुकुंदराज अंबाजोगाईचे की विदर्भातल्या आंभोऱ्याचे, हा वाद जुना आहे आणि दोन्हीकडचे लोक तो हिरिरीने लढतात. आपल्या पाठ्यसाहित्यात अशा वादाला जागा नसते. कुठलंतरी एक गाव छापायचं आणि मोकळं व्हायचं. खरं तर नववीच्या वर्गात दोन गट करून दोन्हीकडचे पुरावे वाटले, तर इतिहास कसा लिहितात हे पोरांना एका तासात उमगेल. अंबाजोगाईच्या शाळेत निकाल काय लागेल हे मात्र आधीच सांगता येतं.

बाहेरच्या जगात अशा कामाची दोन उदाहरणं सांगण्यासारखी आहेत. पहिलं स्पर्धेचं नाही. न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठात पॉल हॉलसॉल या माणसाने १९९६ साली मध्ययुगीन युरोपच्या मूळ साधनांचा संग्रह ऑनलाइन ठेवायला सुरुवात केली. सनदा, पत्रं, संतचरित्रं, कायदे, सगळं इंग्रजी अनुवादात आणि साध्या मजकुराच्या रूपात. रंग नाही, संगीत नाही. जगभरच्या शिक्षकांनी त्यातून आपापले पाठ उभे केले, कारण ते उचलून घेता येत होतं.

दुसरं उदाहरण स्पर्धेचं आहे आणि ते आपल्याही अंगणात आलं. ‘विकी लव्ह्‌ज मॉन्युमेंट्स’ ही स्मारकांच्या छायाचित्रांची स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी युरोपातले अठरा देश उतरले आणि १,६८,२०८ छायाचित्रं जमा झाली. जगातली सर्वांत मोठी छायाचित्र स्पर्धा म्हणून गिनेसने तिची नोंद केली. २०१२ मध्ये भारत सामील झाला आणि त्या वर्षीचं जागतिक पहिलं बक्षीस दिल्लीच्या सफदरजंगच्या मकबऱ्याच्या फोटोला मिळालं. स्पर्धेची मेख तिच्या नियमांत आहे. फोटो मुक्त परवान्याखाली द्यायचा आणि स्मारकाच्या यादीतला क्रमांक त्याला जोडायचा. बक्षीस एकाला मिळालं तरी हरलेल्यांचेही फोटो सगळ्यांच्या उपयोगी पडतात. आपल्याकडच्या स्पर्धांत हरलेली प्रवेशिका कुठे जाते, हे ज्याचं त्याने आठवून पाहावं.

या नियमात एक खोचही आहे. यादीत नाव असेल तरच क्रमांक मिळतो. गावाच्या वेशीवरचा वीरगळ, विहिरीच्या पायरीत उलटा बसवलेला कोरीव दगड, मारुतीच्या पाराशेजारी शेंदराखाली गेलेली गद्धेगाळ, यांना कुणी क्रमांक दिलेला नाही. शं. गो. तुळपुळ्यांचं ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ १९६३ साली आलं, त्यानंतरही मराठवाड्यात लेख सापडतच राहिले. बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. स्पर्धा घ्यायचीच असेल तर पहिली फेरी व्हिडिओची ठेवूच नये. पहिल्या फेरीत फक्त यादी मागावी: आमच्या गावात काय आहे, कुठे आहे, किती रुंद-उंच आहे, चारही बाजूंचे फोटो, आणि गावकरी त्याला काय म्हणतात. हे काम सातवीची मुलं गुरुजींइतकंच चांगलं करतात. वीरगळ पुसायला नारळाची शेंडी वापरायची की तारेचा ब्रश, एवढं त्यांना आधी शिकवलं पाहिजे. दगड घासून पांढरा करण्याचा उत्साह आपल्याकडे फार.

मग शिकवण्याजोगं काय निघेल? जिल्ह्यात ते पैशाला पासरी पडलं आहे, म्हणून दोन-तीनच नमुने.

अंबाजोगाईतला यादवकाळ घ्या. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचा या मुलखाशी संबंध होता. त्याचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेत नर्मदेकाठी पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ देऊळ उभारलं आणि शके ११६२ म्हणजे १२४० सालच्या लेखात ते नोंदलेलं आहे. लेख संस्कृतात, लिपी नागरी. यादवांच्या धड्यात राजांची ओळ असते, सिंघण-कृष्ण-महादेव-रामचंद्र, आणि तिथेच धडा संपतो. इथे मात्र एक बाई आहे, तिचा मेलेला भाऊ आहे, तिने खर्च केलेला पैसा आहे आणि त्या पैशाचा दगड अजून गावात उभा आहे. एक फोटो, अक्षर जुळवून दाखवणारी एक पट्टी, मराठी अर्थ आणि चार प्रश्न, एवढ्यावर एक तास सहज निघतो. आठवीतल्या मुलीला सिंघणाची वंशावळ आठवणार नाही, लक्ष्मी आठवेल.

किंवा दाताची कबर घ्या. मुहम्मद तुघलक दौलताबादकडे जात असता बीडजवळ त्याचा दात पडला, त्याने तो थाटात पुरला आणि वर घुमट बांधला, अशी गोष्ट फिरिश्त्याने लिहून ठेवली आहे. बीडकर ती वास्तू दाखवतातही. तुघलक १३५१ साली मेला आणि फिरिश्ता लिहीत होता सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. मधली अडीचशे वर्षं ही गोष्ट कुणाच्या तोंडी होती? लहरी सुलतान म्हणून बदनाम झालेल्या माणसाच्या नावावर लोक काय काय खपवतात? मुलं आधी पोट धरून हसतील, मग प्रश्न विचारतील, आणि हसता हसता साधनांची पारख शिकवणारा याहून चांगला पाठ महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. व्हिडिओवाल्यांनी मात्र ही गोष्ट आजवर सत्यकथा म्हणून सांगितली आहे आणि त्यावर करुण बासरी वाजवली आहे.

तिसरा नमुना पाण्याचा. बीड शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, निजामशाहीतली. सलाबतखानाच्या काळात राजा भास्कर नावाच्या जाणकाराने ती बांधली, असं सांगतात. विहिरीत तीन भुयारी नहरी आहेत. दोन पाणी आणतात, एक पाणी शेताकडे नेते. दुष्काळात आजूबाजूच्या विहिरी तळाला जातात तेव्हाही इथे पाणी दिसतं, आणि ज्या जिल्ह्याने टँकरच्या रांगा पाहिल्या त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इथे इतिहासाच्या शिक्षकाने भूगोल आणि गणिताच्या शिक्षकाला बरोबर घ्यावं: उतार किती, प्रवाह किती, भिजणारं क्षेत्र किती. स्पर्धेच्या अर्जात ‘विषय’ म्हणून एकच रकाना असतो, तो या विहिरीला अपुरा पडेल.

धारूरचा किल्ला, त्याचा आदिलशाही सरदार किश्वरखान, पुढे मोगलांनी गावाला दिलेलं फतेहाबाद हे नाव आणि त्या नावाची टांकसाळ, हे सगळं हातात नाणं ठेवून सांगता येतं, म्हणजे नाण्याचा फोटो ठेवून. त्यावर आणखी बोलण्याची गरज नाही.

आता गुणांचा प्रश्न. परीक्षक बसले की सादरीकरणाला चाळीस, आवाजाला वीस अशी वाटणी होते आणि शंभरातले उरलेसुरले आशयाच्या वाट्याला येतात. प्रस्तुत वक्त्याला विचाराल तर आवाजाचे गुण काढून टाकावेत. त्याऐवजी पाहावं की प्रत्येक विधानाशेजारी त्याचं साधन आहे का, नकाशा आणि फोटो सुटे करून दिलेत का, परवाना स्पष्ट मराठीत लिहिला आहे का. आणि निम्मे गुण राखून ठेवावेत. ते पहिल्या फेरीनंतर सहा महिन्यांनी द्यावेत, दुसऱ्या कुठल्यातरी शाळेतल्या शिक्षकाने तेच साहित्य घेऊन, बदलून, शिकवलं असेल तर. आष्टीच्या गुरुजींनी केलेला पाठ परळीच्या बाईंनी आपल्या वर्गासाठी कापून छोटा केला, तर बक्षीस दोघांनाही. नक्कल करणाऱ्याला बक्षीस, हे ऐकून काही मंडळी दचकतील. पण पोथ्या टिकल्या त्या नकलाकारांमुळे, आणि पाटांगणाच्या पोथीची दुसरी नक्कल कुणी करून ठेवली असती तर हे व्याख्यान वेगळ्या वाक्याने सुरू झालं असतं.

आक्षेप असा येतो की बदलायची मुभा दिली की कुणीही काहीही घुसवील, आणि इतिहास म्हटला की आपल्याकडे हात लगेच शिवशिवतात. भीती खोटी नाही. त्यावरचा उपाय एकनाथांनीच दाखवला: जुन्या प्रती जवळ ठेवायच्या आणि ताडून पाहायचं. ऑनलाइन साहित्यात प्रत्येक बदलाची नोंद राहू शकते, कुणी केला, कधी केला, आधी काय होतं. मराठी विकिपीडिया २००३ पासून याच रीतीवर चालतो आणि तिथले वाद कुणालाही वाचता येतात. नरोटी कुणी ठेवली हे दिसत असेल तर ती उचलायलाही सोपी जाते.

एक गोष्ट जिल्ह्याबाहेरचा माणूस विसरतो. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दसरा झाला की गाड्या निघतात. काही मुलं हंगामी वसतिगृहात मागे राहतात, काही आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर जातात. तिथे वर्ग म्हणजे बापाचा मोबाइल, तोही रात्री, बाप फडातून परतल्यावर. दोनशे एमबीचा व्हिडिओ त्या फोनवर उतरत नाही. उतरला तर बापाचा डेटा संपतो आणि मुकादमाचा फोन लागत नाही. साहित्य हलकं हवं. एक पान, एक फोटो, दोन मिनिटांचा आवाज, नेट नसताना उघडणारं. दासोपंतांनी पासोडी गुंडाळता येईल अशी केली, तसं. परीक्षकांनी प्रवेशिका संगणकावर न पाहता जुन्या मोबाइलवर पाहाव्यात, एवढा एक नियम केला तरी अर्धे ढोल-ताशे आपोआप बंद होतील.

याच कारणाने फेऱ्यांचं वेळापत्रकही जूनच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंतच बसवावं लागेल, कारण त्यानंतर वर्गातली मुलंच कमी होतात. या चार महिन्यांत एक तारीख सोयीची पडते. १० ऑगस्ट १७६३ रोजी गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. अठराव्या शतकाला मध्ययुग म्हणावं का, असं कुणी विचारील. आपल्या विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात मध्ययुग बऱ्याचदा १८१८ पर्यंत ताणलेलं असतं, तेव्हा चालून जाईल. निजाम गोदावरी उतरून पलीकडे गेला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन अलीकडे अडकला होता, आणि पावसाळ्याच्या त्या पाण्यानेच लढाईचा रंग ठरवला. मुलांना त्या दिवशी काठावर नेऊन उभं करावं, पात्राची रुंदी डोळ्यांनी मोजायला सांगावी, फोटो काढून घ्यावा. वर पैठणला आता जायकवाडीचं धरण आहे, त्यामुळे दहा ऑगस्टला नदीला पाणी असेलच असं नाही. तेवढी ओळ त्या फोटोखाली लिहावी लागेल.